अंगणाखालचे गोडे पाणी

आमच्या अंगणात लिंबाची दोन झाडे होती. घरात वुजूचे पाणी वाया जाऊ द्यायचे नाही हा अम्मीचा शिरस्ता. नळाखाली घमेले असायचे आणि ते पाणी झाडांना जायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या, बुंध्याभोवती मातीवर पांढरी खपली धरली आणि एक झाड गेले. पाणी बोअरचे होते. आम्ही इमानाने, रोज, झाडाला मीठ पाजत होतो.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातील वाचकांना हे नवे नाही. सातपुड्याच्या पायथ्याखाली पूर्णेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा खारपाण पट्टा पुढे अकोला, अमरावतीपर्यंत जातो. इथे जमिनीतच क्षार आहेत. बोअर जितके खोल, तितके पाणी गोड असेल, असा भरवसा नाही. पिण्यासाठी अनेक गावांत वान प्रकल्पाचे पाणी नळाने येते, पण ते मोगऱ्याला घालणे कोणाला पटेल?

उरते आभाळाचे पाणी. हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचे छत 1200 चौरस फूट, म्हणजे सुमारे 111 चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा गळती-बाष्पात सोडला, तरी साठ हजार लिटरच्या वर पाणी उतरते. आम्ही वीस हजार लिटरची टाकी ठरवली : दहा फूट लांब, दहा रुंद, सात खोल. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत रोज दीडशे लिटरहून थोडे अधिक मिळते. लिंबू, शेवगा, सीताफळ, मेंदी आणि कुंड्या एवढ्यात जगतात. हिरवळीचा शौक मात्र या भागात करू नये.

पहिली टाकी आम्ही विटांची बांधून घेतली. मिस्त्री म्हणाला, चालते. आम्हीही पैसे वाचतात म्हणून मान डोलावली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पहिल्याच मे महिन्यात भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. एका वर्षाची बचत त्या खड्ड्यात गेली आणि घरात बरेच दिवस कोणी बागेचे नाव काढले नाही. दुसऱ्यांदा सळईचे काँक्रीट केले, तळाशी आणि चारी बाजूंनी काळी माती काढून मुरूम भरला. आता टाकी टिकून आहे. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी जमिनीवर पक्क्या ओट्यावर प्लास्टिकच्या दोन-तीन टाक्या जोडाव्यात. भेगेची धास्ती राहत नाही.

दुसरी चूक आमचीच. बागेलाच तर द्यायचे, म्हणून गाळणी लावली नाही. पक्ष्यांच्या विष्ठेने झाडाचे काही बिघडत नाही, पण छतावरच्या धुळीने ठिबकची छिद्रे बुजली. आता पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वेगळ्या पाइपातून बाहेर सोडतो. नंतरचे खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून टाकीत जाते. टाकी भरली की जादा पाणी लिंबाच्या रांगेजवळच्या शोषखड्ड्यात उतरते. या पाण्याने मातीतले क्षार खाली धुपतात, म्हणून ते गटारात सोडू नका.

झाकणाला कुलूप हवेच, घरात लहान मुले असतात. वाहत्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर डास होतील. आणि सफाईला कोणी एकट्याने आत उतरू नये. बंद टाकीतली हवा दगा देते.

वुजूचे घमेले अजून आहे, फक्त आता त्यात बोअरचे पाणी नसते. मोहल्ल्यातील मशिदीचे छत आमच्या छताच्या तिप्पट आहे. मागच्या जुम्याला नमाजनंतर आम्ही दोघे फीता घेऊन वर गेलो होतो. मुतवल्लीसाहेबांनी शिडी धरली होती.