मुलाखतीआधी नावं जुळवा

अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. गिरगाव-दादरच्या घरांत तिची तयारी म्हणजे इंग्रजी उत्तरांची घोकंपट्टी, असा समज दिसतो. खरी तयारी कागदांची. अर्जदार कोण आणि बोलावणाऱ्या नातेवाइकाशी त्याचं नातं काय, हे कागदांनी सिद्ध करावं लागतं, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. बारशाआधीच जन्मनोंद झालेल्या जुन्या दाखल्यांत कित्येकदा बाळाचं नावच नसतं. काही घरांत लग्नानंतर सुनेचं पहिलं नावही बदलतं. मग शाळेच्या दाखल्यावर ‘सुमन गणपत’ आणि पासपोर्टवर ‘शुभांगी विजय’! या दोन निराळ्या बायका वाटल्या तर अधिकाऱ्याला दोष कसा द्यावा? लग्नाचा दाखला, नावबदलाचं राजपत्र आणि मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हे दुवे आधीच जोडलेले हवेत.

‘सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण अपुरा आहे. कागद कमी असेल तर अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या २२१(जी) कलमाखाली व्हिसा अडतो, आणि तो कागद दिल्यावर प्रकरण पुन्हा विचारात घेतात. जाणूनबुजून केलेलं खोटं विधान मात्र कायमची बंदी ओढवू शकतं. म्हणून एजंटाने पढवलेली उत्तरं मला घातक वाटतात. शिवाय कागद एकदा जुळवून भागत नाही: भावाने किंवा बहिणीने बोलावलेल्यांच्या वर्गात दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं. तेवढ्या काळात परळची चाळ पुनर्विकासात जाते, पत्ता बदलतो, मुलांची लग्नं होतात. अर्जातली माहिती त्याप्रमाणे सुधारावी आणि मुलाखतीला मूळ प्रतीच न्याव्यात.