शब्दांवाचून निषेध

गाण्यात शब्द नसतील, तर निषेध कसा कळणार? असे विचारणाऱ्यांना मी ब्रिटनमधली १९९४ सालची गोष्ट सांगतो. रात्री उघड्यावर भरणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांना आवर घालणारा कायदा तेव्हा येत होता. त्यात संगीताची खूण दिली होती : एकामागून एक, पुन्हा पुन्हा येणारे ठोके. 'ऑटेकर' या जोडीने सप्टेंबरात 'अँटी ईपी' काढली. तीमधल्या 'फ्लटर'चे ठोके यंत्रावर असे बसवले, की एक आवर्तन दुसऱ्यासारखे नाही. नोव्हेंबरात कायदा झालाच. काही श्रोते म्हणतात, ही नुसती चलाखी. प्रथम ऐकताना मलाही फरक कळला नव्हता. पण कान देऊनही जो चटकन उमगत नाही, तो शिपायाने भर रात्री मैदानात कसा ओळखायचा? निषेध तिथेच आहे.