कुंभार्ली घाट उतरण्याआधी बोनेट उघडा!

कोयनानगरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणात रात्रभर अंगणात भिजलेली गाडी सकाळी काढली की चाकांतून खर्रर्र आवाज येतो आणि मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा दचकतो. दचकायचं कारण नाही. ब्रेकची डिस्क उघड्या लोखंडाची असते आणि इथल्या ओल्या हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो. पहिले चार-पाच ब्रेक हलके दाबले की पॅड तो खरवडून काढतात. दोन-तीन किलोमीटर गेल्यावरही कर्कश आवाज येतच राहिला, तर मात्र पॅड झिजलेत असं समजा.

हॅन्डब्रेकही पावसात असाच रुसतो. ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक रात्रीत चिकटून बसू शकतात. सपाट जागा असेल तर हॅन्डब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. सकाळी निघताना दगड काढायला विसरू नका.

एका सेकंदात हजार बॅटऱ्या

कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. सगळे संच पूर्ण ताकदीने चालले तर एका सेकंदात साधारण ५४५ युनिट वीज तयार होते. तुमच्या गाडीतल्या ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत मावते जेमतेम अर्धा युनिट. म्हणजे कोयनेच्या एका सेकंदात अशा हजार बॅटऱ्या भरतील!

गंमत अशी की दोन्हीकडचं तत्त्व एकच आहे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पाणी टर्बाइन फिरवतं, बोनेटखाली इंजिन पट्ट्याने अल्टरनेटर फिरवतं. चुंबक फिरला, तारांच्या वेटोळ्यांत वीज आली. म्हणून बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर नवी घ्यायला धावण्याआधी साधा मल्टिमीटर लावून बघा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ वर जायला हवा. तो १२ च्या घरातच रेंगाळला, तर बिचाऱ्या बॅटरीचा दोष नाही. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा.

सेल्फ मारल्यावर नुसतंच टक-टक होतंय? आधी टर्मिनल हलवून पाहा. त्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठली असेल तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा कामाला येतो. इंजिन बंद करून आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवा, मग लाल. कोमट पाण्यात चमचाभर सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. आम्ल मरतं, फेस येतो, टर्मिनल लख्ख होतं. कोरडं पुसून आधी लाल आणि शेवटी काळी वायर जोडा आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवा. क्रम का पाळायचा? काळी जोडलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पान्हा गाडीच्या पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होतं.

गाडीखालचा थेंब

गाडीखाली ओल दिसली की पांढरा कागद सरकवा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं. हवेतलाच ओलावा तो, गळती नव्हे. हिरवा, गुलाबी किंवा निळसर आणि गोडसर वासाचा थेंब कूलंटचा. तो विषारी असतो, कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका. तपकिरी-काळा आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशी गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

काचेवर वाफ

पावसात पुढची काच आतून धुरकटली की बहुतेक जण फडकं घेतात. त्याऐवजी एसी लावा आणि हवा बाहेरून आत घेणारं बटण दाबा. एसी गारवा देतो तसा हवेतला ओलावाही शोषून घेतो, मिनिटभरात काच निवळते. वायपर मात्र फडक्यानेच सुधारतो. काचेवर रेघा उमटत असतील तर रबराची कड साबणाच्या पाण्याने पुसा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. या साध्या दांडीचं पेटंट अमेरिकेत १९०३ साली मेरी अँडरसन या बाईंनी घेतलं होतं. कोयनेच्या पावसात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे आभार मानावेत.

हॉर्न, वायपर किंवा चार्जिंग पॉइंट अचानक बंद पडला तर फ्यूज बघा. रंगावरून ताकद कळते: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जळालेल्याच्या जागी त्याच रंगाचा बसवा. तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चिपळूणहून वर येताना टायरची हवा ‘वाढते’

हवा भरली चिपळुणात, मोजली कोयनानगरला, तर टायरचं तापमान तेच असेल तेव्हा मीटर जवळपास १ पीएसआय जास्त दाखवेल. टायरमधली हवा तेवढीच असते, पण उंचीमुळे बाहेरचा दाब कमी झालेला असतो आणि मीटर दोन्हींतला फरक मोजतो. उलट दहा अंशांनी गारठा वाढला की तोच आकडा साधारण दीड पीएसआयने उतरतो. त्यामुळे हवा नेहमी टायर थंड असताना मोजा.

चढावर इंजिन तापलं, काटा वर गेला? एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने लावा. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. जागा मिळताच थांबा. अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. बंद झाकणाखालचं कूलंट दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो, ते क्षणात उकळून अंगावर उडतं. कोयनानगरच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं.

आणि आता उतार

हा भाग नीट वाचा. १००० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर १५ लिटर पाणी उकळता येईल. जवळपास तेवढ्याच उंचीवरून कोसळणारं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी पोफळीला वीज तयार करतं. गाडी मात्र ती उष्णता कुठे टाकणार? ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरलात तर बरीचशी ब्रेकमध्ये.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून कोयनेसारख्या ओल्या मुलखात ते दोन वर्षांनी बदलून घ्याच. घरी करायचं काम एवढंच: बोनेट उघडून डबीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहायचं. ती उतरली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसतं वरून ऑइल ओतून निघू नका.

घाटमाथ्यावरच गिअर खाली पाडा, दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिनच्या जोरावर उतरा. न्यूट्रल कधीही नको. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.