वाटाणा, बीम आणि शुक्रवार

आज ३ मे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला त्याला ११३ वर्षं झाली. दरवर्षीप्रमाणे आजही दादासाहेब फाळक्यांच्या झपाटलेपणाच्या गोष्टी निघतील: ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून उडालेली झोप, विम्याच्या पॉलिसीवर काढलेलं कर्ज, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने. सगळं खरं आहे. पण झपाटलेल्या माणसांची मुंबईत तेव्हाही वानवा नसावी, आणि कुणाच्या तरी वेडापायी दागिने मोडलेली घरं तर आजही गल्लोगल्ली निघतील. चित्रपट पुरा कशामुळे झाला, हे या गोष्टी सांगत नाहीत. त्यासाठी एका वाटाण्याकडे जावं लागतं. १९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, पण पैसे घालायला कुणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त काळ दिवसाला एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता उगवून वर चढलं. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंत नाडकर्णींनी पैसे दिले, म्हणून हा प्रसंग सावकाराला पटवण्याची युक्ती म्हणूनच सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. वाटाण्याचा चित्रपट हा नमुन्याचा तुकडा नव्हता, आख्खा चित्रपट होता. टिपणं, फिल्म धुणं, प्रत काढणं, पडद्यावर दाखवणं ही सगळी साखळी त्यात एकदा शेवटपर्यंत फिरून झाली होती. पुढे ६ महिने २७ दिवस चित्रीकरण चाललं आणि ३,७०० फूट फिल्म तयार झाली, तेव्हा त्या कामाचा शेवट कसा असतो हे फाळक्यांनी आधीच पाहिलेलं होतं.

शेवट आधी ठाऊक असण्याचा हा फायदा समजायला चित्रपटाच्या इतिहासापेक्षा भिवंडीला खेटून असलेलं शेलार गाव जास्त उपयोगी आहे. तिथल्या यंत्रमागावर कापड कधी संपणार हे विणकराच्या मनःस्थितीवर अवलंबून नसतं. ते बीम भरतानाच ठरतं. उभे धागे मोजून या रुळावर गुंडाळले जातात, सायझिंगमध्ये त्यांना खळ बसते आणि मग तो बीम मागावर चढतो. पुढे धागा तुटेल, वीज जाईल, पाळी बदलेल. पण लांबी आधीच बांधलेली असल्यामुळे प्रत्येक खोळंबा हा शेवटाच्या अलीकडचाच असतो. ताका उतरतो, तो कुणी उत्साहात होतं म्हणून नव्हे. हौसेची कादंबरी, लघुपट, गावाचा इतिहास ही कामं मात्र आपण बीम न भरताच सुरू करतो. आडवे धागे, म्हणजे कल्पना, भरपूर असतात. उभे मोजलेले नसतात. सर्जनशीलतेच्या शिबिरांत ‘आतला आवाज’ ऐकायला शिकवतात. किती पानं, कुणाला आणि कोणत्या दिवशी, हे विचारायला कुणी शिकवत असेल तर ते शिबीर फार खपणार नाही.

यंत्रमागाच्याच दुसऱ्या गावात, मालेगावात, याचा पुरावा सापडतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० सालच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात त्या सुपरमॅनची घडण दिसते: मागावर राबणारा शफीक शेख नायक, कॅमेरा उंचावर न्यायला बैलगाडी, आणि मध्येच कॅमेरा पाण्यात. गेल्या वर्षी रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ही गोष्ट घरोघर नेली, आणि पुन्हा स्वप्नांवरच भर दिला. पण नासिर यांच्याकडे स्वप्नापेक्षा ठोस गोष्ट होती. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी सिनेमाला गर्दी लोटते. प्रेक्षक कोण, ते कुठे बसणार आणि कशावर हसणार, हे नासिर यांना पहिली चौकट टिपण्याआधीच ठाऊक होतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: मोठं काम असं मोजून होत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची प्रस्तावना लिहायला बसले, आणि त्यातून ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे पाच खंड झाले. मोजून बसले असते तर प्रस्तावनाच हाती आली असती. कबूल. पण काण्यांनी ३२ वर्षं हस्तलिखित उराशी धरून ठेवलं नाही. पहिला खंड १९३०ला छापला, दुसरा १९४१ला, तिसरा १९४६ला, चौथा १९५३ला, आणि पाचवा १९६२ला पुरा झाला. काम वाढत गेलं तरी ताके उतरत राहिले, आणि हे वकिली सांभाळून. दुसरा आक्षेप असा, की बारा तासांच्या पाळीनंतर माणसाला मुदतीची शिस्त सांगणं हा क्रूरपणा आहे. हा मला अर्धाच पटतो. वेळ नाही हे खरं, पण ज्याला वेळ नाही त्याला तर लांबीरुंदी ठरलेलंच काम पेलतं. अमर्याद काम परवडायला रिकामी दुपार लागते. आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग अडचण काय, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की मोबाइलने फाळक्यांचा विल्यमसन दिला, मालेगावचा शुक्रवार दिला नाही. मोबाइलवरून चित्रफीत कधीही टाकता येते, म्हणून ती आज टाकावी लागत नाही.

शुक्रवार नसेल तर तो मागून घ्यावा लागतो. आपल्याकडे गणेशोत्सवाचा मंडप त्यासाठी उत्तम: पडदा लावता येतो, माणसं आयती जमतात, आणि अमुक संध्याकाळी दाखवतो असं कार्यकर्त्यांना एकदा सांगितलं की माघार घेणं अवघड होतं. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. म्हणजे चार महिन्यांहून थोडे जास्त दिवस. ‘राजा हरिश्चंद्र’ला ते पुरले नसते. वाटाण्याला त्याच्या निम्मेही लागले नव्हते.