ब्रॉडवेवरचे ८९.९

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कोलंबिया विद्यापीठाचा लर्नर हॉल आहे. याच इमारतीतून डब्ल्यूकेसीआर हे विद्यार्थ्यांनी चालवलेले रेडिओ केंद्र ८९.९ एफएमवर ऐकू येते. कोलंबिया आपल्याला ठाऊक आहे ते बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १९१३ मध्ये ते इथे शिकायला आले, त्याच वर्षी एडविन आर्मस्ट्राँग इथून इंजिनिअर होऊन बाहेर पडले. पुढे इथेच प्राध्यापक झालेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये एफएमचे पेटंट मिळवले आणि रेडिओची खरखर घालवली. विद्यापीठाच्या रेडिओ क्लबमधल्या मुलांना १९४१ मध्ये प्रसारणाचा परवाना मिळाला.

इथली मुले चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. तरी या केंद्राची स्मरणशक्ती भल्याभल्या व्यावसायिक केंद्रांना लाजवील अशी आहे. २७ ऑगस्टला लेस्टर यंगचा वाढदिवस, २९ला चार्ली पार्करचा. म्हणून सलग तीन दिवस फक्त या दोन सॅक्सोफोनवादकांचे संगीत! जाहिरातींवर जगणाऱ्या केंद्राला हे परवडणार नाही. १९७०च्या सुमारास विद्यार्थी म्हणून इथे आलेले फिल शाप तर इथलेच होऊन गेले. १९८१ पासून ‘बर्ड फ्लाइट’ या कार्यक्रमात ते सकाळी सकाळी पार्करच्या एकेका ध्वनिमुद्रणाची तारीख, साथीदार, स्टुडिओ असा तपशील उलगडत बसत. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. नव्वदच्या दशकात याच केंद्रावर मध्यरात्रीनंतर हिप-हॉप चाले. नास आणि नोटोरियस बी.आय.जी. हे रॅपर कोणत्याही कंपनीशी करार होण्याआधी इथे येऊन गेले.

बातमीच्या वेळीही ही मुले मागे राहिली नाहीत. एप्रिल १९६८ मध्ये आंदोलक विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलसह पाच इमारती ताब्यात घेतल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी सुमारे ७०० जणांना अटक केली. तेव्हा आवारातली खबर डब्ल्यूकेसीआर देत होते. ३० एप्रिल २०२४ च्या रात्री गाझाच्या प्रश्नावरील आंदोलनात पोलीस पुन्हा हॅमिल्टन हॉलमध्ये शिरले, तेव्हा विशीतल्या वार्ताहरांनी न अडखळता थेट वृत्तांत दिला. इंटरनेटवर ऐकणाऱ्यांची गर्दी संकेतस्थळाला पेलेना.

११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचा केंद्राचा अँटेना मनोऱ्याबरोबर गेला. प्रसारण पुन्हा उभे राहिले. आजही जॅझ, शास्त्रीय, लोकसंगीत यांच्या जोडीने भारतीय रागसंगीताला इथे हक्काची जागा आहे, आणि नाताळाच्या सुमारास सुरू होणारा बाख महोत्सव वर्षअखेरपर्यंत रंगतो. तो इंटरनेटवरून पुण्या-नागपुरातही ऐकता येतो.