घरचीं पुस्तकें

वार्षिक परीक्षा आटोपली कीं आपल्या कांजूरमार्गांत रद्दीवाल्याची हांक ऐकूं येऊं लागते. एका-दोन खोल्यांचें बिऱ्हाड. त्यांत माणसें राहावयाचीं कीं पुस्तकें, हा आईबापांचा प्रश्न खोटा नव्हे. म्हणून पाठ्यपुस्तकें तागडींत पडतात, आणि त्यांच्या संगतीनें गोष्टींचीं, चरित्रांचीं चार पुस्तकेंहि जातात. ‘पाहिजे तेव्हां ग्रंथालयांतून आणतां येतील,’ अशी आपण मनाची समजूत घालतों. मग घरीं ग्रंथ बाळगण्याचें प्रयोजन तें काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. येथून धीम्या लोकलनें दादरास उतरून पूर्वेकडील हिंदु कॉलनींत गेलें म्हणजे ‘राजगृह’ ही वास्तु दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ती बांधविली, आणि बांधवितांना सर्वांत अधिक विचार केला तो ग्रंथांच्या सोयीचा. मगधाच्या प्राचीन राजधानीचें नांव त्यांनीं आपल्या घरास दिलें.

परंतु ह्या ग्रंथभांडाराचा पाया परळच्या चाळींतील एका खोलींत घातला गेला होता. वडील सुभेदार रामजी सैन्यांतून निवृत्त झालेले, निवृत्तिवेतन तुटपुंजें. मुलानें पुस्तक मागितलें आणि हातांत पैसा नसला, तर ते विवाहित मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि वेतन हातीं आलें कीं दागिना सोडवून परत करीत. खोलींत दिवसा अभ्यासास निवांतपणा नसे, म्हणून मुलास ते रात्रीं दोन वाजतां उठवीत. आपली जागा लहान आहे असें म्हणणाऱ्यांनीं ही खोली एकदां डोळ्यांपुढें आणावी.

खरा ग्रंथप्रेमी एकटा नसतो. त्याच्या फळीवरील पुस्तकांमागें दुसऱ्या कोणाचे तरी हात असतात. चर्नी रोडच्या बागेंत हा मुलगा नेहमीं वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं पाहिला. केळुसकर हे विल्सन हायस्कूल ह्या मिशनरी शाळेंत शिक्षक होते आणि ग्रंथकारहि होते. त्यांनीं त्याची विचारपूस केली, त्यास पुस्तकें दिलीं, आणि त्याच्या सत्काराच्या सभेंत स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें. पुढें महाविद्यालयीन शिक्षणासाठीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून साहाय्य मिळवून देण्यांतहि त्यांचा हात होता.

१९१३ सालीं आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. पोटास चिमटा घेऊन त्यांनीं तेथें जुन्या बाजारांतून सुमारें दोन हजार ग्रंथ जमविले. ते एका स्नेह्याच्या स्वाधीन केले. त्यांतील सर्व कांहीं त्यांच्या हातीं आले नाहींत. १९१७ सालीं ते लंडनहून परतले तेव्हां महायुद्ध चालू होतें. त्यांचें सामान ज्या जहाजांत होतें तें शत्रूच्या पाणबुडीनें बुडविलें, आणि ग्रंथांस जलसमाधि मिळाली. विम्याची भरपाई मिळाली ती सहाशें रुपये! दुसऱ्या एखाद्यानें येथेंच हात टेकले असते. त्यांनीं पुन्हां पहिल्या पुस्तकापासून आरंभ केला. १९२० ते १९२३ ह्या वर्षांत लंडनमध्यें ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत ते दार उघडण्याच्या वेळीं जात आणि बंद होईपर्यंत वाचीत.

येथें कोणी विचारील कीं, ज्यास असें वाचनालय उपलब्ध होतें त्यानें स्वतःचे ग्रंथ तरी कशास घ्यावे? ह्याचें उत्तर त्यांच्या ग्रंथांच्या समासांत आहे. वाचतांना ते ओळींखालीं रेघा ओढीत, खुणा करीत. कोलंबियांतील त्यांचे गुरु जॉन ड्यूई यांच्या ग्रंथांवरील त्या खुणा अभ्यासकांनीं अलीकडे बारकाईनें तपासल्या आहेत; आंबेडकरांनीं कोणता विचार कोठून घेतला, तो कोठें बदलला, याचा माग त्यांवरून लागतो. ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघ ओढणें हा अपराध आहे. आपल्या पुस्तकावर तोच मनाचा इतिहास होतो. दहा वर्षांनीं तें पान उघडलें म्हणजे आपण काय होतों आणि काय झालों, हें कळतें.

आतां ह्या संग्रहाचें पुढें काय झालें तें पाहूं. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलें. आयुष्यभर जिवापाड जपलेल्या ग्रंथांपैकीं पुष्कळ ग्रंथ त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत आले. ज्यांच्या घरीं फळी नव्हती अशांच्या मुलांस ते खुले झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. बागेंत वाचणाऱ्या मुलास एका शिक्षकानें दिलेल्या त्या एका पुस्तकाचें बीज कोठवर गेलें, हें यावरून ध्यानांत यावें.

आपल्या घरापुरतें करावयाचें तें थोडें आहे. एक फळी पुरे. मात्र ती पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीपासून चार बोटें दूर असावी, कारण मुंबईच्या दमट हवेंत बुरशी, कसर आणि वाळवी हे तीन वैरी टपलेलेच असतात. पुस्तकें उभीं ठेवावीं, परंतु आवळून बसवूं नयेत. वारा खेळूं द्यावा. पावसाळा सरल्यावर प्रत्येक पुस्तक काढून झटकावें आणि सावलींत उघडून ठेवावें. कडक उन्हानें कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. एका वहींत पुस्तकाचें नांव, तें कधीं मिळालें आणि कोणीं दिलें, हें लिहावें. उसनें दिलेलें पुस्तकहि त्यांतच टिपावें. म्हणजे मैत्रीहि टिकते आणि पुस्तकहि. अधिक वाचावयाचें तर १८९३ सालीं स्थापन झालेलें ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय कांहीं स्थानकांवरच आहे.

पालकांस एवढीच विनंति कीं, यंदा रद्दीची तागडी दारांत येईल तेव्हां मुलास जवळ बोलवावें आणि, ‘ह्यांतून कोणतीं ठेवूं?’ असें त्यालाच विचारावें. तो जें पुस्तक उचलून बाजूला ठेवील, तेथून त्याच्या संग्रहास आरंभ होईल.