गोगलगायी जागेवर ठेवा, मासे हलवा

आजचा विषय छोटा वाटेल, पण तो शिकायची किंमत मी दिलेली आहे. फिश टँकमध्ये मासे आणि गोगलगायी एकत्र असताना माशांना परजीवींची लागण झाली, तर काय करायचं?

मी महूला राहतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या गप्पी माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मी बाजारातून औषध आणलं, सांगितलं तेवढं टाकीत टाकलं आणि निश्चिंत झालो. संध्याकाळपर्यंत माझ्या अकराच्या अकरा गोगलगायी शिंपल्याचं झाकण मिटून तळाशी पडल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास आला. मेलेल्या गोगलगायी कुजल्या, पाण्यात अमोनिया वाढला आणि ज्या माशांसाठी हा खटाटोप केला, त्यातले निम्मे त्यातच गेले. नंतर बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. त्यात कॉपर सल्फेट होतं. म्हणजे आपलं मोरचूद!

मोरचूद शेतकऱ्याला बुरशीसाठी माहीत असतं. तळ्यातल्या गोगलगायी मारण्यासाठीही ते वापरलं जातं. जेवढं तांबं मासा सोसतो, तेवढ्यात गोगलगाय आणि झिंगा मरतो. मृदू पाण्यात तर ते आणखी जहाल. शिवाय तळाची खडी तांबं धरून ठेवते आणि पुढे हळूहळू सोडत राहते. पाणी बदलून मी नव्या गोगलगायी आणल्या, त्याही गेल्या, त्याचं कारण हेच असावं.

आता शत्रू ओळखू. या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला छंदी लोक ‘इक’ म्हणतात. परजीवीचं पूर्ण नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. हा एकपेशीय जीव आहे आणि त्याच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. पहिला माशाच्या त्वचेखाली, तोच पांढरा ठिपका. तिथे त्याला औषध लागत नाही. दुसऱ्यात तो माशावरून गळून खडीवर, काचेवर, पानावर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे होतात. तिसऱ्यात ती शेकडो पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात. औषध फक्त या तिसऱ्या टप्प्यावर चालतं. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती आपोआप मरतात.

गोगलगायीच्या अंगात हा परजीवी वाढत नाही. त्याला मासाच लागतो. म्हणून मोठ्या टाकीतून मासेच काढले, तर शत्रूची रसद तुटते. तिथे औषधाचा एक थेंबही लागत नाही.

बरेच जण नेमकं उलटं करतात. गोगलगायी काढून दुसऱ्या टाकीत ठेवतात आणि मोठ्या टाकीत औषध ओततात. यात दोन धोके. गोगलगायीच्या शिंपल्यावर कवचातला परजीवी चिकटलेला असू शकतो, म्हणजे रोग दुसऱ्या टाकीत पोचला. आणि औषध मोठ्या टाकीच्या खडीत मुरलं, म्हणजे गोगलगायींना परतायला घर उरलं नाही.

आता क्रमाने कृती सांगतो.

पहिलं, वीस लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा टब घ्या. त्यात हवेचा पंप, स्पंज फिल्टर आणि हीटर लावा. खडी नको, तळ मोकळा हवा. मोठ्या टाकीचंच पाणी भरा आणि सगळे मासे टबात हलवा. अंगावर ठिपका नसलेलाही मागे ठेवू नका. एक मासा राहिला तरी परजीवीला घर राहिलं. मासे जास्त असतील, तर टब मोठा किंवा दोन घ्या.

दुसरं, मीठ. साधं खडेमीठ, लिटरला दोन ग्रॅम. वीस लिटरला चाळीस ग्रॅम झाले. वजनकाट्यावर मोजा, चमच्यावर विसंबू नका. निम्मं आज, निम्मं उद्या, पाण्यात विरघळवून घाला. कोरिडोरास आणि लोच जातीच्या माशांना मीठ सोसत नाही. त्यांना लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करा आणि लक्ष ठेवा.

तिसरं, रोज तळाचं पाच लिटर पाणी नळीने ओढून काढा. गळून पडलेले परजीवी त्याबरोबर जातात. नवं पाणी अँटी-क्लोरीन घातलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं हवं. इथे एक चूक हमखास होते: पाच लिटर बदलल्यावर मीठ पाच लिटरचंच, म्हणजे दहा ग्रॅम घालायचं. रोज चाळीस घातलंत तर आठवड्यात मासे खाऱ्या पाण्यात!

चौथं, मिठाने भागलं नाही तर बाजारातलं औषध टबातच वापरा, लेबल वाचून आणि हातमोजे घालून. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषध शोषतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार किमान तीन दिवस चालू ठेवा. टबाचं पाणी मोठ्या टाकीत कधीही जाता कामा नये. जाळी आणि नळीही वेगळी ठेवा.

पाचवं, मोठी टाकी किती दिवस माशांविना ठेवायची? हे तापमानावर ठरतं. पंचवीस-सव्वीस अंशाला मी पूर्ण दोन आठवडे ठेवतो, त्यात घाई नाही. गार पाण्यात परजीवीचं चक्र मंदावतं. दहा अंशांच्या आसपास ते महिन्याहून जास्त लांबतं. म्हणून दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूरकडच्या मंडळींनी हिवाळ्यात हीटर लावावा. या काळात गोगलगायींना उकडलेला दुधी किंवा काकडीचा तुकडा द्या आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढा. त्यांच्या विष्ठेवर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही जगतात.

ठिपके नसून जंत असतील, तर गोष्ट वेगळी. कुत्र्यांच्या जंतनाशक गोळ्यांतलं फेनबेन्डाझोल अनेक जातींच्या गोगलगायींना घातक ठरतं. गोळी घालण्याआधी तिच्यात काय आहे ते वाचा, आणि औषधोपचार इथेही टबातच करा.

शेवटचं. आपल्याकडे शोभेचे मासे बहुधा कोलकाता परिसरातून किंवा चेन्नईच्या कोलत्तूरहून पिशव्यांत दूरचा प्रवास करून येतात. प्रवासाने थकलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो. म्हणून नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. हा नियम मी आधी पाळला असता, तर त्या अकरा गोगलगायी जगल्या असत्या.

तेव्हा हा टब आजच आणून ठेवा. ठिपके दिसल्यावर दुकान शोधत बसायला नको. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.